अपंगत्व, आधार आणि प्रशिक्षित कुत्रा : एक नैतिक प्रश्न

वाचकहो, अशी कल्पना करा की जुम्अची अजान झाली आहे, आपण लगबगीने मस्जिदकडे निघाला आहात आणि दाराशी एक अंध मुसलमान उभा आहे. त्याच्या डाव्या हातात एका पट्ट्याची मूठ आहे आणि तो पट्टा घातलेला कुत्रा त्याच्या पायाशी शांत बसला आहे. याच कुत्र्याने त्याला रहदारीचे रस्ते ओलांडून इथवर आणले आहे. आपल्या मनात पहिला विचार कोणता येईल? 'कुत्रा मस्जिदच्या दाराशी कसा?' हा, की 'हा माणूस अजान ऐकून नमाजला आला' हा?

आपल्याकडे हे दृश्य अद्याप विरळा आहे. युरोप-अमेरिकेत ते नित्याचे आहे, आणि तिथे आपलेही बांधव राहतात. कोकणातील कित्येक मुस्लिम घराण्यांची मुले-नातवंडे आज ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याची दृष्टी गेली, एखादी भगिनी चाकांच्या खुर्चीला खिळली, तर हा प्रश्न तिच्या उंबरठ्यावर येतो. आणि जो प्रश्न उम्मतच्या एका घरात येतो, तो साऱ्या उम्मतचा असतो.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. अंधांना वाट दाखविण्यासाठी कुत्र्यांना पद्धतशीर शिकविण्याचे काम पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे सुरू झाले. युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी ही सोय होती. १९२९ साली अमेरिकेत 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. पुढे या कुत्र्यांचे कार्यक्षेत्र वाढत गेले. बहिऱ्या माणसाला दाराची घंटा वाजल्याचे किंवा बाळ रडत असल्याचे स्पर्शाने कळविणे, हात अधू असलेल्यासाठी खाली पडलेली वस्तू उचलून देणे, दोरी ओढून दार उघडणे, अशी अनेक कामे ते करू लागले.

असा कुत्रा संस्थेकडून मिळायला पुष्कळदा वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते आणि खर्चही मोठा असतो. म्हणून अनेक दिव्यांग व्यक्ती आपला कुत्रा स्वतःच शिकवतात. अमेरिकेच्या १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्यानुसार त्यांना तसा स्पष्ट अधिकार आहे. कुत्रा एखाद्या संस्थेनेच शिकविलेला असावा, अशी अट तिथे नाही. पण हे काम सोपे नाही. दीड-दोन वर्षे सहज जातात. आधी पिलाला स्वच्छतेच्या सवयी लावायच्या. मग बसणे, थांबणे, हाकेसरशी येणे. जमिनीवर पडलेल्या अन्नाला तोंड न लावणे, गोंगाटात व गर्दीत विचलित न होणे. त्यानंतर प्रत्यक्ष काम. वस्तू उचलून देण्याचे शिकवायचे तर प्रथम मऊ कापड तोंडात धरायला शिकवतात, मग ते हातात द्यायला, मग जमिनीवरून उचलायला आणि सरतेशेवटी किल्ल्या किंवा फोन आणून द्यायला. प्रत्येक योग्य पावलागणिक लगेच खाऊ किंवा शाबासकी द्यावी लागते. ज्याचे स्वतःचे हात चालत नाहीत, त्याने हे करायचे म्हणजे सब्रची केवढी कसोटी! आणि एवढे करूनही एखादा कुत्रा स्वभावानेच भित्रा निघतो, या कामाला लायक ठरत नाही. मग सारे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

आता आक्षेपाकडे वळू. तो हलका समजण्याचे कारण नाही. विनाकारण कुत्रा पाळणाऱ्याच्या सत्कर्मांतून रोज काही हिस्सा घटतो, ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ज्या घरात कुत्रा असतो तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, असेही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा आणि त्यांपैकी एकदा मातीने धुण्याचा आदेश आहे. ज्या मोमिनच्या मनात या शिकवणुकींमुळे संकोच उत्पन्न होतो, त्याला मागासलेला म्हणणे हा अन्याय आहे. त्याचा संकोच आज्ञापालनातून आला आहे. परंतु आज्ञापालन म्हणजे अर्धी आज्ञा ऐकून थांबणे नव्हे. कुत्रा पाळण्याच्या मनाईची जी हदीस आहे, त्याच हदीसमध्ये अपवादही आहे: शिकार, गुराढोरांची राखण आणि शेती. म्हणजे मनाई सांगणाऱ्या त्याच पवित्र मुखाने माणसाच्या खऱ्या गरजेला वाट मोकळी ठेवली आहे.

यापुढे जाऊन पवित्र कुरआन पाहा. सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतमध्ये प्रशिक्षित जनावरांनी पकडलेली शिकार हलाल ठरविली आहे. तिथे शिकविणाऱ्यांसाठी जो शब्द आला आहे तो 'कल्ब' म्हणजे कुत्रा याच शब्दापासून बनलेला आहे. आणि या शिकविण्याचे वर्णन कसे केले आहे? अल्लाहने तुम्हाला जे ज्ञान दिले, त्यातूनच तुम्ही त्यांना शिकवता, असे. जनावराला शिकविण्याचे कसब हे इथे अल्लाहने दिलेल्या ज्ञानाचा अंश ठरते. ज्याला आपण क्षुल्लक, कदाचित घाणेरडे काम समजतो, त्याला कुरआन ज्ञानदानाच्या परिभाषेत मांडतो. न शिकविलेल्या कुत्र्याने मारलेले जनावर मुर्दार आणि अल्लाहचे नाव घेऊन सोडलेल्या शिकविलेल्या कुत्र्याने मारलेले हलाल, या फरकातून आपल्या विद्वानांनी ज्ञानाच्या थोरवीचा पुरावा काढला आहे. इल्मने कुत्र्याचाही दर्जा बदलतो, तर माणसाचा किती बदलेल!

'शिकविलेला' कुणाला म्हणावे? हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी शिकारीविषयी विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की कुत्र्याने शिकारीतून काही खाल्ले असेल तर ती खाऊ नये, कारण मग ती त्याने स्वतःसाठी पकडली असण्याची भीती आहे. यात प्रशिक्षणाचे मर्म आले आहे. शिकविलेला कुत्रा आपल्या भुकेसाठी वागत नाही. तो दुसऱ्याच्या गरजेसाठी वागतो. आता अंधाच्या कुत्र्याकडे पाहा. मालक म्हणतो 'पुढे चल', पण समोरून मोटार येत आहे. कुत्रा जागचा हलत नाही. हुकूम मोडूनही तो मालकाचेच काम करतो, आणि हे त्याला मुद्दाम शिकविलेले असते. रस्त्यावर पडलेली भाकरी ओलांडून तो पुढे जातो. शिकारी कुत्र्याला जी कसोटी लावली गेली, ती हा कुत्रा रोज शंभरदा उतरतो.

कुणी म्हणेल, हदीसमध्ये शिकार, गुरे आणि शेती एवढ्यांचीच नावे आहेत. अंधांचा वाटाड्या त्यात कुठे? या प्रश्नाचे उत्तर फुकहांनी फार पूर्वी दिले आहे. इमाम नववी (रहि.) हे शाफई मजहबचे थोर विद्वान. घराच्या राखणीसाठी कुत्रा ठेवावा की नाही, याविषयीची मते नोंदवून ते जायज ठरविणाऱ्या मताला अधिक योग्य म्हणतात. कारण हदीसमधील तिन्ही अपवादांमागचे कारण 'गरज' हे आहे आणि ते कारण जिथे आढळेल तिथे सवलतही लागू होईल. आता विचार करा. शेळ्यामेंढ्या लांडग्यापासून वाचविण्यासाठी कुत्रा चालतो. ही संपत्तीची राखण झाली. रस्त्यात माणूस चाकाखाली जाऊ नये, एकट्या स्त्रीला झटका आला तर मदत मिळावी, ही जिवाची राखण आहे. शरीअतच्या उद्दिष्टांत जिवाचे रक्षण संपत्तीच्या रक्षणाहून वरचे आहे. मेंढीसाठी जे मान्य, ते आदमच्या संततीसाठी अमान्य कसे ठरेल?

राहिला प्रश्न पाकीचा. इथे आपल्या महाराष्ट्रातच दोन रीती आहेत. कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. मराठवाडा, खानदेश, विदर्भातील बहुतेक हनफी. शाफई मजहबमध्ये कुत्र्याचे सारे शरीर नापाक मानले जाते, परंतु कोरड्याचा कोरड्याला स्पर्श झाल्याने नापाकी लागत नाही. हनफी मजहबच्या पसंतीच्या मतानुसार लाळ नापाक आहे, केस नाहीत. मालिकी मजहब जिवंत कुत्र्याला पाकच मानतो आणि भांडे धुण्याच्या आदेशाला इबादतच्या स्वरूपाची आज्ञा समजतो. ज्याने पकडलेली शिकार खाल्ली जाते त्याची लाळ वर्ज्य कशी, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ज्याच्या किल्ल्या रोज कुत्र्याच्या तोंडातून येतात, त्याच्यासाठी हे मतभेद म्हणजे नुसती पुस्तकी चर्चा नव्हे. गरजेच्या प्रसंगी दुसऱ्या मान्य मजहबचा आधार घेण्याची मुभा अनेक विद्वानांनी दिली आहे. मात्र तो निर्णय विश्वासू आलिमला आपली परिस्थिती सांगूनच घ्यावा. नमाजसाठी वेगळे कपडे ठेवणे, कुत्र्यासाठी घरात ठराविक जागा राखणे, नमाजची जागा त्यापासून दूर ठेवणे, हे तर कुणालाही करता येते.

इथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावी. नापाकी ही धुण्याची बाब आहे, तिरस्काराची नव्हे. आपल्या शरीरातील रक्तही बाहेर वाहिले की नापाक ठरते. म्हणून आपण जखमी माणसाला दूर लोटत नाही. ज्या कुत्र्याची लाळ धुवायला सांगितले, त्याच तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून आपल्या जोड्यात पाणी भरून पाजणाऱ्याला अल्लाहने क्षमा केली, ही हदीसही आपण जाणतो. आणि गुहेतील त्या ईमानवंत तरुणांचा कुत्रा उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला आहे, असे चित्र सूरह अल-कहफमध्ये कयामतपर्यंत पठण होत राहणार आहे. तो गुहेच्या दाराशी आहे; सोबतीतही आहे आणि आपल्या मर्यादेतही आहे.

आता सर्वांत कठीण प्रश्नाकडे येऊ. पुष्कळ सज्जन म्हणतात, 'कुत्रा कशाला? आम्ही माणसे आहोत ना हात धरायला!' हे वाक्य ऐकायला गोड आहे. परंतु वाचकहो, प्रामाणिकपणे सांगा, आपण ते हात खरोखर पुढे केले आहेत काय? एक अंध सहाबी प्रेषितांकडे (स.) आले आणि म्हणाले की मला मस्जिदला आणणारा कुणी नाही, घरी नमाज पढण्याची परवानगी असावी. प्रेषितांनी (स.) परवानगी दिली. ते वळले तेव्हा त्यांना परत बोलावून विचारले की अजान ऐकू येते काय. ते 'होय' म्हणाले, तेव्हा मग तिला प्रतिसाद द्या असे सांगितले. अबू दाऊदच्या रिवायतीत हे सहाबी हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) होते आणि त्यांची तक्रार अशी होती की वाटाड्या आहे, पण तो त्यांच्या सोयीचा नाही. दृष्टी अधू झालेले हजरत इत्बान बिन मालिक (रजि.) यांच्याकडे मात्र पावसापाण्याची अडचण पाहून प्रेषित (स.) स्वतः गेले आणि त्यांच्या घरात नमाजची जागा निश्चित करून दिली. म्हणून ज्याला खरोखर कुणी नेणारा नाही, त्याला जमाअतची सक्ती नाही, असेच फुकहा सांगतात. पण पहिल्या प्रसंगातील तो प्रश्न विसरता येत नाही. अजान अंधालाही ऐकू येते. ती त्यालाही बोलावते. त्याला जमाअतचा हक्क आहे.

मग तो हक्क बजावायला त्याला आधार कुणी द्यायचा? उमय्या खलीफा वलीद बिन अब्दुल मलिक (इ. स. ७०५ ते ७१५) याने प्रत्येक अंधाला वाटाड्या आणि प्रत्येक पंगूला सेवक नेमून दिला, असे इतिहासकार नोंदवतात. ही सामूहिक जबाबदारी आहे. कुणीच ती उचलली नाही तर सारे गुन्हेगार. जो समाज वाटाड्या देत नाही आणि स्वतः शोधलेल्या वाटाड्यावर आक्षेप मात्र घेतो, तो दोनदा चुकतो.

समजा, समाजाने माणूस दिला. तरीही प्रश्न संपत नाही. 'सोयीचा नसलेला वाटाड्या' या तक्रारीत किती अनुभव दडला आहे! भाऊ कामावर गेला की वाट पाहायची. तहानेसाठी हाक मारायची. फज्रला उठवायला संकोचायचे. दिवसातून वीसदा कुणाचे तरी उपकार घ्यायचे, आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर कंटाळा आहे की काय, हे चाचपायचे. हात धरणारा माणूस कितीही चांगला असो, कधी निघायचे आणि कुठे जायचे हे बहुधा तोच ठरवतो. इस्लामने हात पसरण्यापेक्षा स्वतःच्या कष्टाची भाकरी श्रेष्ठ मानली. दोन वर्षे खपून आपला आधार आपणच घडविणारा दिव्यांग माणूस हीच शिकवण आचरणात आणत असतो. त्याचे कष्ट दयेची नव्हे, आदराची मागणी करतात. माणसाची सोबत त्याला हवीच आहे. परंतु ती मैत्रीची असावी, नाइलाजाची नको.

या सवलतीला मर्यादाही आहेत. गरजेने जे जायज होते, ते गरजेपुरतेच जायज होते, हा फिकहचा सर्वमान्य नियम आहे. हौसेखातर कुत्रा पाळून त्याला सेवेचे नाव देणे ही फसवणूक आहे, आणि तिचा भार खऱ्या गरजवंतावर पडतो. कारण एकदा फसलेला समाज पुढच्या दहांवर संशय घेतो. अमेरिकेच्या कायद्यात दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकविले आहे? हेच दोन प्रश्न मोमिनने आपल्या अंतःकरणाला विचारावेत, कारण तिथे उत्तर ऐकणारा अल्लाह आहे. त्या मुक्या जीवाचाही हक्क आहे. मांजरीला उपाशी कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीला झालेल्या शिक्षेची हदीस इथेही लागू पडते. त्याला मारझोड करून शिकवू नये, थकल्यावर राबवू नये, आणि कामाला न लागणारे पिलू रस्त्यावर सोडून देऊ नये. त्याला चांगले घर शोधून द्यावे.

मस्जिदच्या बाबतीत वाट निघालेली आहे. २००८ साली इंग्लंडमधील लेस्टर शहरात एका अंध मुस्लिम तरुणाला वाटाड्या कुत्र्यासह मस्जिदला येण्याची परवानगी मिळाली. ब्रिटनच्या मुस्लिम लॉ (शरीअत) कौन्सिलने तशी अनुकूलता दिली होती. कुत्र्याला नमाजच्या दालनात नेले नाही. त्याच्यासाठी आवारातच वेगळी जागा करण्यात आली. तरुणाची नमाज जमाअतने झाली आणि नमाजची जागाही पाक राहिली. गुहेच्या उंबरठ्यावरचे ते चित्र इथे आठवल्यावाचून राहत नाही. त्याच ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्यानुसार अशा कुत्र्यासह आलेल्या प्रवाशाला टॅक्सीचालकाने नाकारणे हा गुन्हा आहे. धार्मिक कारणाची त्यात सवलत नाही. परंतु मुसलमान चालकाने दंडाच्या भीतीने दार उघडावे, हे शोभत नाही. त्याने अल्लाहच्या भयाने दार उघडावे, गाडीत चादर अंथरावी आणि घरी जाऊन लागलेली घाण धुवावी. सवारी नाकारण्यात तकवा नाही, धुण्यात आहे.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील एका अंध मुस्लिम तरुणीची हकिगत प्रसिद्ध आहे. आईवडिलांना घरात कुत्रा नको होता. तिने त्यांचे मन राखले आणि ठेंगण्या जातीची, वाटाड्याचे काम शिकविलेली घोडी मिळविली. तेथील कायदा अशा घोड्यालाही मान्यता देतो. आईवडिलांचा आदर आणि आपली वाट, दोन्ही तिने साधले. तिचे कौतुकच करायला हवे. परंतु तिचा हा निर्णय दुसऱ्यावर लादता येणार नाही. स्वतःसाठी कठोर मार्ग निवडणे हा तकवा असू शकतो. दुसऱ्याच्या अडचणीवर तो लादणे हा नव्हे. अंधावर, लंगड्यावर, आजाऱ्यावर अडचण नाही, हे सूरह अन्-नूरमध्ये (आयत ६१) अल्लाहने स्वतः सांगितले आहे. अल्लाहने जी अडचण उचलली, ती पुन्हा ठेवणारे आपण कोण?

शेवटी सूरह अबसकडे वळू. कुरैशच्या सरदारांशी बोलणे चालू असताना एक अंध आले, प्रेषितांच्या (स.) कपाळावर क्षणभर आठी पडली, आणि अल्लाहने त्यावर आयती उतरविल्या. ती आठी त्या अंध व्यक्तीला दिसणे शक्य नव्हते. तरीही ती कुरआनमध्ये नोंदली गेली. पुढे हेच हजरत इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) मदीनेत अजान देत, आणि प्रेषित (स.) बाहेर गेले असता अनेकदा मदीनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवीत.

वाचकहो, तो माणूस अजून मस्जिदच्या दाराशी उभा आहे. आपल्या कपाळावरची आठी त्याला दिसणार नाही. ज्याला दिसते, त्याला दिसेलच. सलाम करा. कुत्र्यासाठी सावलीची जागा दाखवा, पाणी ठेवा. मग आपला हात पुढे करा आणि त्याला विचारा, की पहिल्या सफपर्यंत आपण सोबत चालावे, असे त्याला वाटते काय. निर्णय त्याला घेऊ द्या.

अल्लाह आपल्याला दीनची समज, गरजवंताविषयी कोमल अंतःकरण आणि प्रत्येक सजीवाविषयी न्यायबुद्धी देवो. आमीन. वल्लाहु आलम.